शनिवारची बोली

"या डब्यांना झाकणं कुणी लावली कोण जाणे. उघडत नाहीत, आणि उघडली की सांडतात."

पराग हे मला म्हणाला नव्हता. साखरेच्या डब्याला म्हणाला होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर शेगडीपाशी उभी होते, पण बोलीच्या पंधरवड्यात माझा नवरा माझ्यापेक्षा डब्यांशी जास्त बोलतो. डब्यांनी कुठल्याही करारावर सह्या केलेल्या नसतात.

आम्ही केल्या आहेत. आमच्या ईलिंगच्या घरात फ्रिजवर एक यादी चिकटवलेली आहे. हवा, भाजीपाला, माझ्या आईचा गुडघा, आमच्या लेकीचे, ईशानीचे ग्लासगोहून येणारे फोन. या पंधरा दिवसांत आम्ही एवढंच बोलायचं. मागच्या खेपेला यादी फारच तोकडी पडायला लागली तेव्हा परागने खाली स्वतःच्या हाताने 'परसातली काकडी' असं वाढवलं. झोपायलाही तो मागच्या छोट्या खोलीत जातो. तिथली त्याची कॉट आणि माझा पलंग यांच्यामध्ये एक पातळ लाकडी भिंत आहे. तो कूस बदलतो तेव्हा मला कळतं.

याचं कारण असं की मी लॅपविंग वाहिनीत काम करते आणि तो हॅल्यार्डमध्ये. दोघंही बोली ठरवणाऱ्या खात्यात.

इकडे माणूस सिनेमा उद्या बघेल, बातम्या बघणारच नाही, पण आपल्या गावाचा फुटबॉलचा सामना त्याला आत्ता, चालू असतानाच बघायचा असतो. टीव्हीवर आत्ताच बघावं असं आता तेवढंच उरलंय. म्हणून दर चार वर्षांनी इथली सगळ्यात मोठी लीग आपले सामने गठ्ठ्यांनी विकायला काढते. शनिवार संध्याकाळचा गठ्ठा, रविवार दुपारचा गठ्ठा. वाहिन्या बंद पाकिटात बोली लावतात, आणि कुणी कशावर किती लावले ते कुणालाच कळत नाही. कमी लावले तर सामने गेले, जास्त लावले तर वाहिनी गेली. शनिवार हातचा गेल्यामुळे बंद पडलेल्या एका वाहिनीतले लोक मला अजून बसस्टॉपवर भेटतात. मी त्यांना हवापाण्याचं विचारते.

लॅपविंग म्हणजे टिटवी. आईला मालवणला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "गो बाय, असलं अपशकुनी नाव कोणी ठेवलं?" मी इथे आले ती सबटायटलं तपासायला. संख्याशास्त्र लायब्ररीतल्या पुस्तकांवर शिकले, ईशानीला पायावर जोजवता जोजवता. अजूनही सरासरी काढताना माझा पाय हलतो.

ती सोमवारची सकाळ होती. गुरुवारी दुपारी बाराला पाकिटं बंद व्हायची होती. पराग सांडलेली साखर पुसत होता आणि हलकेच शीळ घालत होता.

शीळ!

बोलीच्या दिवसांत पराग लसूण सोलतो. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, नुसताच खिडकीशी उभा राहून. मागच्या वेळी तीन बरण्या भरल्या, आणि शेजारच्या मिसेस हॉलंडला आम्ही वर्षभर चटणी पुरवली. या वेळी ओट्यावरची लसणीची टोपली जशीच्या तशी होती. काल रविवारी हॅल्यार्डची मोठी बैठक झाली होती, आणि तिथून आल्यापासून तो त्या टोपलीकडे फिरकला नव्हता.

मी टोपलीकडे बघितलं. मग भांडी पुसायचं फडकं तिच्यावर टाकलं आणि ऑफिसला गेले.

*

आमची बोलीची खोली तळघरात आहे. फोन बाहेर ठेवायचे, कोटसुद्धा बाहेर. आत एक लांब टेबल आणि टेबलाच्या टोकाला मिस्टर पेंडल, आमचे वकील. ते ध्वनिमुद्रकाचं बटण दाबतात, घड्याळाची वेळ मोठ्याने सांगतात, आणि तिथून पुढे खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द इतिवृत्तात जातो. इतिवृत्ताची मोहोरबंद प्रत बोलीबरोबर सरकारी नियामकाकडे. पूर्वी एका वाहिनीने दुसरीची माणसं फोडली होती, तेव्हापासूनचा हा नियम. लबाडी थांबावी म्हणून केलेला. त्यातून एवढंच झालं की आमच्याकडे लोक महत्त्वाच्या गोष्टी भुवयांनी सांगायला लागले.

माझी वरिष्ठ फिओना मार्श पडद्याकडे वळली. "कॉरस काय म्हणतंय?"

कॉरस हे आमचं अंदाज बांधणारं यंत्र. ते चालवतो ग्रेगर मॅक्लीन, साठीचा स्कॉटिश माणूस. दोन्ही कोपरांना ठिगळं असलेला स्वेटर घालतो. त्याने पुढचं पान आणलं.

हॅल्यार्ड, शनिवार संध्याकाळ: बोलीतून माघार. खात्री ९३ टक्के.

हॅल्यार्ड शनिवारी येणारच नसेल तर आम्हाला तो गठ्ठा किमान किमतीत उचलता येणार होता. वाचलेलं सगळं रविवारवर लावता येणार होतं. दोन्ही आमचे.

"स्रोत?" पेंडलनी वर न बघता विचारलं.

"एकत्रित निर्देशांक," ग्रेगर म्हणाला.

"एकत्रित निर्देशांक," पेंडलनी लिहून घेतलं.

बाकीच्या तीन वाहिन्यांबद्दल कॉरसची खात्री पन्नास-साठच्या घरात होती. नाणं उडवलं तरी तेवढी येते. एकट्या हॅल्यार्डची त्र्याण्णव कशी? आमच्या टेबलाभोवती सात माणसं होती आणि एकानेही हे विचारलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की सगळे पडद्याकडे बघतायत, पेंडलकडे बघतायत, छताकडे बघतायत. माझ्याकडे तेवढं कुणी बघत नाहीये.

दुपारी मी निर्देशांकाचा तपशील मागवला. तो बघायचा मला अधिकार आहे. बाकीच्या वाहिन्यांसमोर बातम्या, शेअरबाजार, जाहिरातींचे दर असे शंभरेक रकाने होते. हॅल्यार्डसमोर जवळजवळ सगळा भार एकाच रकान्यावर होता. एस-१४.

मी बाही वर केली. कंपनीने आम्हा सगळ्यांना मनगटी पट्ट्या दिल्या आहेत. मागे एकाला भर बैठकीत हृदयाचा झटका आला, तेव्हापासून. पट्टी ठोके मोजते, श्वास मोजते, घाम मोजते, झोप मोजते. ऐकत मात्र नाही, कान लावायला कायद्याने बंदी आहे. बोलीच्या दिवसांत ती काढली तर माणूस त्या बोलीपुरता खात्याबाहेर.

माझ्या पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक आकड्यात १४ लिहिलेलं आहे. आठ वर्षं ते माझ्या कातडीवर उमटत होतं.

*

ग्रेगर मला चहाच्या किटलीपाशी सापडला. मी काही विचारायच्या आधीच त्याचे कान लाल झाले.

"मी हे बोलत नाहीये," तो म्हणाला.

"बरं. मग काय बोलत नाहीयेस ते सांग."

त्याने कपात पिशवी बुडवली, काढली, परत बुडवली. मग त्याने जे सांगितलं ते असं. हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमी-जास्त होतं, आणि त्या कमी-जास्तीत माणूस निवांत आहे की घाबरलेला, हे उमटतं. हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. दुसरी गोष्ट अशी की वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्या दोन माणसांचे श्वास आणि ठोके एकमेकांकडे ओढ घेतात. एक अस्वस्थ असला की दुसऱ्याची लय बिघडते, त्याला स्वतःला पत्ता नसताना. बोलावं लागत नाही. जिना चढताना पाय कसा वाजला, कप किती जोरात ठेवला, भिंतीपलीकडे कूस किती वेळा बदलली, एवढं पुरतं.

"तुझ्या नाडीत दोन माणसं आहेत शलाका," तो म्हणाला. "कॉरस तुला वजा करतं. ऑफिसातली तू कशी असतेस ते त्याला माहीत आहे. घरी गेल्यावर वर जे उरतं, तो पराग."

"दोन लिलावांवरून एवढं कळलं?"

"मोठे लिलाव दोन. पण हॅल्यार्डने आठ वर्षांत रग्बी, डार्ट्स, सायकल शर्यती धरून एकतीस बोल्या लावल्या. बोलीत उतरायचं ठरलं की तुमच्या घरात तीन-चार दिवस भूकंप असतो. माघार घ्यायची ठरली की सुट्टीच्या दुपारसारखी शांतता."

मला हसायला आलं नाही. "आणि हे कायदेशीर?"

"पट्टीतली माहिती कंपनीची. तू सही केली आहेस. त्याचा एक शब्दही आम्ही ऐकलेला नाही." त्याने पिशवी पिळली. "कंपनीत चाळीस जोडप्यांची तपासणी केली होती. इतकी जुळणी कुणाचीच आली नाही. तुमच्या खालोखाल जी होती ती निम्मी. माझं आणि मॉरीनचं तर… यंत्राला वाटलं मी एकटा राहतो."

मी कप तसाच ठेवून जागेवर आले. खरं तर मला संतापायला हवं होतं, संतापलेही होते. पण त्याखाली एक वेगळीच गोष्ट हलत होती. गेली पाच-सहा वर्षं मला वाटत होतं की आमच्यात काकडीपलीकडे काही राहिलेलं नाही. यादी नसली तरी आम्ही साधारण यादीतलंच बोलायचो. आणि एक यंत्र सांगत होतं की मी झोपेतसुद्धा भिंतीपलीकडच्या माणसाबरोबर श्वास घेते. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पेढे वाटले असते.

मग पुढचा विचार आला, आणि तो गेला नाही.

आम्ही शनिवार किमान किमतीत उचलला की हॅल्यार्डवाले विचारणार, यांना कळलं कसं? माघारीचा निर्णय तिथे चार-पाच जणांना माहीत असेल. त्यांतल्या एकाचीच बायको लॅपविंगच्या बोलीच्या खात्यात आहे. यंत्राचं नाव कुणी घेणार नाही. परागचं घेतील. नोकरी जाईल हे नक्की, आणि गुपित फोडल्याबद्दल इथे तुरुंगही होतो.

त्याला सांगावं? सांगितलं तर मी आमची बोली फोडली, आणि ते ऐकून गप्प बसला तर तो माझा साथीदार. त्याने वर कळवलं तर पहिला प्रश्न त्यालाच, तुझी बायको तुला काय काय सांगते? नाही सांगितलं तर गुरुवारनंतर तो संशयित. मी दोन्हीकडून मांडून बघितलं. माझा पाय हलत होता.

*

मंगळवारी संध्याकाळी मी भांडण काढलं.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं. लय बिघडवायची, आकड्यात गोंधळ घालायचा. कॉरसला घरात भूकंप हवा होता ना, घे भूकंप.

"ही काकडी कुणी तोडली?"

"मी," पराग म्हणाला. "मोठी झाली होती."

"बियाण्याला ठेवली होती मी. तुला सांगितलं होतं."

"कधी?"

"कधी म्हणजे? तू ऐकतोस कधी? आठ दिवस झाले, घरात डब्यांना उत्तरं मिळतात, मला नाही."

"अगो, यादीत भांडण नाही."

"मग लिही! काकडीखाली लिही. पेन देऊ?"

तो हसला. बरोबर त्याच क्षणी त्याने हसायला नको होतं. मी हातातलं झाकण ओट्यावर आपटलं आणि मला नव्हतं बोलायचं ते बोलत गेले. ईशानीला सोडायला तो आला नव्हता ते, आईच्या ऑपरेशनला मी एकटी गेले ते. निम्मं नाटक होतं. कुठलं निम्मं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"झालं तुझं?" आता त्याचाही आवाज चढला होता. "चार वर्षांतून एकदा, एकदाच, मी या दिवसांत शांत झोपतोय, डोक्यावरचं ओझं उतरलंय, आणि तेवढंही तुला बघवत…"

तो थांबला.

मीही थांबले. तो शब्द परत घेण्यासारखा नव्हता. ओझं कशाने उतरलं हे विचारायची मला गरज नव्हती, आणि तशी गरज नाही हे त्याला माझ्या तोंडावर दिसत होतं. त्याचे डोळे माझ्या मनगटाकडे गेले. पट्टी ऐकत नाही हे त्यालाही माहीत आहे. पण मी ऐकते.

बाहेर मिसेस हॉलंड कचऱ्याचा डबा फाटकाकडे ओढत होती. त्याची चाकं वाजत वाजत लांब गेली.

"शलाका," तो हळूच म्हणाला, "काकडीचं बोल."

"बियाणं पुढच्या वर्षी धरू," मी म्हटलं.

"हो. पुढच्या वर्षी."

बुधवारी सकाळी पडद्यावर खात्री ९७ टक्के होती. भांडणात आमची जुळणी आणखी वाढते, हे ग्रेगरने मला नंतर नजर चुकवत सांगितलं. त्याच सकाळच्या आकड्यावर फिओनाने दोन्ही गठ्ठ्यांच्या रकमा गोठवल्या. कॉरसचं काम संपलं. कॉरिडॉरमध्ये तिने माझ्या दंडाला हात लावला. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे माणूस जवळ येतोय की वरून बोलतोय हे आवाजावरून ओळखावं लागतं. हा आवाज जवळचा होता.

"गुरुवारनंतर तुझ्या टेबलाभोवती भिंती असतील," ती म्हणाली. "आणि एक दार. इतकी वर्षं तू कमावलं आहेस ते."

"कशाबद्दल फिओना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. भुवईसुद्धा हलली नाही. "निष्ठेबद्दल," ती म्हणाली.

*

गुरुवारी सकाळी मी खाली आले तेव्हा पराग निघून गेला होता. थर्मासमध्ये माझा चहा भरून ठेवला होता. ओट्यावर भांडी पुसायचं फडकं घडी करून ठेवलेलं होतं आणि टोपली रिकामी होती. शेजारी काचेच्या दोन बरण्या, सोललेल्या लसणीने गळ्यापर्यंत भरलेल्या. बेसिनमध्ये सालांचा ढीग. इतका टापटिपीचा माणूस, सालं उचलायचंही त्याला सुचलं नव्हतं.

मी बराच वेळ त्या बरण्यांकडे बघत होते. रविवारपासून तो निवांत होता. मग मंगळवारी एक अर्धं वाक्य तोंडातून निसटलं, आणि तेव्हापासून तो सोलत बसला होता. लीगला भिऊन नाही, हॅल्यार्डला भिऊन नाही. लग्नाच्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने लसूण सोलली ती मला भिऊन.

साडेअकराला आम्ही तळघरात उतरलो. टेबलावर दोन पाकिटं होती, एक शनिवारचं, एक रविवारचं. पेंडलनी बटण दाबलं. "अकरा वाजून तेहतीस मिनिटं."

पाकिटं बंद करण्याआधी आमच्याकडे एक रीत आहे. प्रमुखाने एक ठरलेला प्रश्न विचारायचा आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपलं नाव घेऊन एका शब्दात उत्तर द्यायचं. उत्तर नेहमी तेच असतं. मी इथे आले तेव्हापासून कुणी दुसरं उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही. फिओना तो प्रश्न विमानातल्या सूचनांसारखा म्हणते.

"या बोलीतल्या कुठल्याही अंदाजाच्या स्रोताबद्दल कुणाला इतिवृत्तात काही नोंदवायचं आहे का?"

ती स्वतःपासून सुरू झाली. "फिओना मार्श. नाही."

तिच्या डावीकडून प्रश्न सरकायला लागला. अर्थखात्याचा माणूस, नाही. जाहिरातींची बाई, नाही. मला माझे ठोके कानात ऐकू येत होते, आणि ते यंत्राकडेही जात होते. पण रकमा ठरल्यावर ते यंत्राच्या काही उपयोगाचे नव्हते. मी 'होय' म्हटलं तर बोली बाद होऊन शनिवार आमच्या हातून जाणार. कदाचित रविवारही. या टेबलावरच्या निम्म्या लोकांना मी पुढच्या वर्षी बसस्टॉपवर हवापाण्याचं विचारणार, किंवा ते मला. 'नाही' म्हटलं तर पराग. आणि इतिवृत्तात माझ्या नावापुढे माझ्याच आवाजात तो शब्द, उद्या त्याच्या वकिलासमोर वाजवायला.

"ग्रेगर मॅक्लीन." त्याने स्वेटरच्या ठिगळावरून अंगठा फिरवला. सेकंद, दोन सेकंद. पेंडलनी मान वर केली. "…नाही."

मग माझी पाळी आली. सगळे पाकिटांकडे बघत होते.

मी पट्टी काढली आणि दोन पाकिटांच्या मध्ये ठेवली. आकडा वर येईल अशी.

"शलाका, वेळ होतोय," फिओना म्हणाली.

"शलाका सामंत," मी म्हटलं. "होय. नोंदवायचं आहे."

पेंडलचं पेन थांबलं. ध्वनिमुद्रक चालू होता.

"हॅल्यार्ड शनिवार सोडणार आहे हा अंदाज यंत्राचा नाही, तो माझ्या नवऱ्याचा आहे. पराग सामंत. त्याने तो आम्हाला दिलेला नाही, आम्ही माझ्या मनगटावरून त्याच्या नकळत चोरला आहे. या खोलीत सोमवारपासून सगळ्यांना ते माहीत आहे. आणि मला त्याच्याही आधी, त्याच सकाळी घरी कळलं होतं." मी पेंडलकडे वळले. "त्याने लसूण सोलली नव्हती, मिस्टर पेंडल. मी बघितलं, आणि वर फडकं टाकलं. तेही लिहा."